सदतिसाव्या वर्षी पुन्हा पहिलीत: माझी जपानीची दोन वर्षं

एप्रिलमध्ये जपानी भाषेच्या एन-५ परीक्षेचं प्रमाणपत्र हाती आलं. तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणांचे फोन आले. सुरुवात कुठून केली, पैसे किती लागले, खेड्यात राहून जमतं का? उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं होतं, पण ते राहून शाळा उघडली. आता लिहायला बसले आहे. या परीक्षेच्या पाच पातळ्या असतात. एन-५ सगळ्यात खालची, एन-१ सगळ्यात वरची. मी पहिल्या पायरीवर आहे, आणि जे सांगते ते तिथूनच.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्यापासून वीसेक किलोमीटरवर, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. निम्मी मुलं जवळच्या पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून येतात. घरी सासूबाई, मिस्टर, आठवीतली मुलगी आणि सहा एकरांत पऱ्हाटी (कापूस) आणि तूर.

जपानीच का, हे सगळेच विचारतात. डी.एड.ला मी वर्ध्याला होते. मैत्रिणींसोबत सेवाग्राम आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेला जायचे. तिथली सर्वधर्म प्रार्थना सुरू होते ती ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या जपानी मंत्राने. १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, तेव्हापासूनचं ते नातं. दोन वर्षं मी तो मंत्र म्हटला, अर्थ कधी विचारला नाही. दुसरं कारण वडील. दर दसऱ्याला ते आम्हाला दीक्षाभूमीवर न्यायचे. जपानमध्ये जन्मलेले भन्ते सुरेई ससाई तिथे लांबून दिसायचे. वडील म्हणायचे, “पाह्य, तो मानूस कुठून आला अन् आपल्यातलाच झाला.” वडील २०२१ मध्ये गेले. त्यांचं हे वाक्य डोक्यातून जाईना.

जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या. मुलांना गृहपाठ पोचवून झाला की दुपार मोकळी असायची. एका दुपारी मोबाइलवर जपानी मुळाक्षरांचा तक्ता उघडला आणि पहिली ओळ बघून थबकलेच. अ, इ, उ, ए, ओ. दुसरी ओळ का, कि, कु, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही तर आपली बाराखडी! मागाहून कळलं की संस्कृत मंत्र आणि सिद्धम् लिपी शिकणाऱ्या तिथल्या बौद्ध भिक्खूंकडून हा क्रम जपानीत आला. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले तोच क्रम समुद्रापल्याडच्या मुलांच्या भिंतीवर आहे, हे कळल्यावर दुपारभर काही सुचलं नाही. रात्री मुलीची जुनी चौकटीची वही घेऊन गिरवायला बसले.

हिरागाना आणि काताकाना अशा दोन लिप्या, प्रत्येकी मूळ सेहेचाळीस अक्षरं. मला वाटलं, आठवडाभर पुरे. हिरागानालाच पाच आठवडे गेले. ‘नु’ आणि ‘मे’ सारखेच दिसायचे, ‘रु’ आणि ‘रो’चा गोंधळ व्हायचा, आणि ‘ने’, ‘रे’, ‘वा’ तर तिघी बहिणीच. रात्री पाठ केलेलं सकाळी कोरं. एकदा एकाच पानावर तिसऱ्यांदा तीच चूक झाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आणि मग वर्गातला एक मुलगा आठवला, ‘ध’ आणि ‘घ’मध्ये महिनाभर अडकलेला. मी त्याला म्हटलं होतं, “किती वेळा सांगायचं रे?” ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू आलं. त्या दिवसापासून ते मी वर्गात बोललेले नाही.

मार्चमध्ये ऑनलाइन क्लास लावला. शिकवणाऱ्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, पुण्याच्या. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते साडेआठ, पाच महिन्यांचे साडेआठ हजार रुपये. घरात रेंज येत नाही, म्हणून गावातल्या पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर बसायचे. सासूबाईंचा पहिला सवाल होता, “हे कायले वं आता? पोरीचा अभ्यास पाह्यनं सोडून?” मी उत्तर दिलं नाही. महिनाभरानं त्याच टॉर्च घेऊन ओट्यावर सोबतीला यायला लागल्या. अंधारात बाईमाणूस एकटं कसं बसेल, एवढंच म्हणाल्या.

क्लास लावायच्या आधी फुकट काय मिळतं ते बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. एनएचके वर्ल्डचे जपानी धडे हिंदीतूनही आहेत. जपान फाउंडेशननं पाठ आणि त्यांचे आवाज मोफत ठेवले आहेत. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुना प्रश्नही सापडतात. पंधरा दिवस त्यावर काढा. गोडी लागली तरच पैसे भरा.

आता मराठी माणसाला जपानी कुठे सोपी जाते, ते सांगायलाच हवं, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. क्रियापद शेवटी येतं. ‘मी शाळेत जाते’मधले शब्द आहेत तिथेच ठेवून जपानी शब्द घातले की वाक्य तयार. प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. आमच्या वऱ्हाडीत ‘शाळेले’, त्यांच्यात ‘गाक्को नि’. ‘मला आंबा आवडतो’ म्हणताना आपण क्रियापद आंब्याशी जुळवतो. जपानीतही आवडीच्या वस्तूलाच ‘गा’ हा प्रत्यय लागतो, माणसाला नाही. क्लासमधल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलींना हे दोन तास समजावावं लागलं. मला काही समजून घ्यावंच लागलं नाही. नादशब्द तर ऐकून घ्या: मुसळधार पावसाला ‘झाझा’, बारीक पावसाला ‘शितोशितो’, ढगांच्या गडगडाटाला ‘गोरोगोरो’. हे शब्द मुलीला सांगितले तर तिनं ‘धो-धो’, ‘रिपरिप’, ‘गडगड’ अशी तिची यादी काढली आणि रात्री अकरापर्यंत आम्ही तेच करत बसलो.

अवघडही पुष्कळ आहे. आपल्या एका ‘त’ला तिथे दोन वाटा: शाळेत नुसतं असणं ‘नि’नं, शाळेत काही करणं ‘दे’नं. माणूस किंवा प्राणी असेल तर ‘इमासु’, बाकी सगळ्याला ‘अरिमासु’. मोजायचे शब्द वस्तूच्या आकाराप्रमाणे बदलतात. कागद ‘माइ’नं मोजायचे, पेन्सिली ‘होन’नं, माणसं ‘निन’नं. आधी हे डोईजड वाटलं. मग लक्षात आलं की आपणही दोन बैल म्हणतो, पण माणसं असली की दोघं, दोघी म्हणतो. विचार न करता म्हणतो, इतकंच. आणि स्वतःला ‘सेन्सेई’ म्हणायचं नाही, हे मला फार भावलं. तो मानाचा शब्द, दुसऱ्यानं द्यायचा. स्वतःची ओळख ‘क्योशि’ अशी करून द्यायची.

जुलै २०२२ ची अतिवृष्टी आमच्या भागातल्या कुणीच विसरलेलं नाही. वीज नाही, रेंज नाही, रस्ता बंद. तीन एकरांतली पऱ्हाटी पाण्याखाली गेली. माझे आठ तास बुडाले आणि खरं सांगायचं तर तेव्हा सगळं सोडूनच दिलं होतं. घरात दुबार पेरणीची चिंता असताना कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं, कुठल्या गिरवायच्या? सेन्सेईंनी आपणहून रेकॉर्डिंग पाठवलं, वेगळे पैसे घेतले नाहीत. ऑगस्टमध्ये पुन्हा वही उघडली.

परीक्षा जगभर एकाच दिवशी होते, जुलैचा पहिला रविवार आणि डिसेंबरचा पहिला रविवार. मी डिसेंबर धरला आणि केंद्र पुणे घेतलं. डिसेंबरचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात आणि जागा मर्यादित असतात, तेव्हा आपल्या केंद्राची सूचना दर दोन दिवसांनी बघत जा. माझी अडचण नावाची होती. आधारवर माहेरचं आडनाव, नोकरीच्या कागदांवर सासरचं. प्रवेशपत्रावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. मग ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला, तो घेऊन पांढरकवड्याला आधार केंद्र, पन्नास रुपये फी, आणि बदल दिसायला अकरा दिवस. अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. तुमचंही असं असेल तर हे काम क्लास लावतानाच उरकून टाका. नोकरीत असाल तर परवानगीचा अर्जही आधीच द्या आणि पोच घेऊन ठेवा. मला तीन आठवडे लागले, कारण हेतू काय हे मी पहिल्या अर्जात लिहिलंच नव्हतं. दुसऱ्यांदा ‘स्वखर्चाने, सुट्टीच्या दिवशी परीक्षेस बसणे, परदेशी जाण्याचा हेतू नाही’ असं स्पष्ट लिहिलं तेव्हा काम झालं.

परीक्षा ४ डिसेंबर २०२२ ला होती. कापूस वेचणीचे दिवस. मिस्टर म्हणाले, “तू जाऊन ये, मी मजूर पाहतो.” शुक्रवारी रजा टाकून एसटीनं यवतमाळ, तिथून धामणगाव, आणि दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेस. शनिवारी पहाटे पुणे. रविवारी पहाटे पोचणारी गाडी अजिबात धरू नका; गाडीला चार तास उशीर झाला तर परीक्षा गेली. मामेबहिणीकडे उतरले.

प्रश्नपत्रिकेचे तीन भाग: शब्द-अक्षरं वीस मिनिटं, व्याकरण आणि वाचन चाळीस मिनिटं, ऐकणं तीस मिनिटं. सगळे बहुपर्यायी प्रश्न, उत्तराचे गोल पेन्सिलनं रंगवायचे. बोलणं, लिहिणं काहीच विचारत नाहीत. दोन-तीन एचबी पेन्सिली, चांगला खोडरबर आणि साधं मनगटी घड्याळ न्या. मोबाइल बंद करून ठेवायचा. वाजला तर बाहेर काढतात. माझ्या खोलीत सगळी कॉलेजची मुलं होती. शेजारच्या मुलानं विचारलं, “काकू, तुम्ही सोडायला आलात का कुणाला?” मी प्रवेशपत्र दाखवलं तर तो उठून उभा राहिला आणि “सॉरी मॅम” म्हणाला. पोरगा गुणी होता, मधल्या वेळेत त्यानं मला चहाही आणून दिला.

पहिले दोन भाग बरे गेले. तिसरा सुरू झाला आणि माझे हातपाय गार पडले. संवाद एकदाच ऐकवतात. एकदाच. घरी मी इअरफोन लावून, थांबवून, मागे नेऊन ऐकायचे. इथे मोठ्या खोलीत आवाज घुमत होता आणि गाडी पुढे निघून गेली होती. प्रत्येक शब्द ओळखीचा वाटायचा, पण त्याचा अर्थ मनात उमटेपर्यंत पुढची तीन वाक्यं संपलेली. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. एका मात्रेचा फरक, तो मला ऐकूच आला नाही. ‘किते’ आणि ‘कित्ते’चंही तेच. शेवटचे चार-पाच गोल मी नुसतेच रंगवले.

जानेवारी २०२३ च्या शेवटी निकाल ऑनलाइन लागला. एकूण १८० पैकी ९६. पास व्हायला ८० लागतात. तरी नापास. भाषाज्ञान आणि वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ वेगवेगळे मिळवावे लागतात. ऐकण्यात मला १७ होते. हा नियम मी वाचला होता, पण मनावर घेतला नव्हता. तुम्ही घ्या. रात्री सगळे झोपल्यावर चुलीपुढे बसून रडले. पैशाचं वाईट वाटलं, वेचणीच्या दिवसांतली रजा आठवली. सासूबाई उठून आल्या, म्हणाल्या, “पराटी बुडली तं आपन पेरनं सोडलं काय?” एवढंच बोलून परत जाऊन झोपल्या.

त्यानंतरची एक गोष्ट सांगते. खरं तर तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

फेब्रुवारीतली सकाळ. पहिलीत पोडावरची एक मुलगी होती. सहा महिने वर्गात जवळजवळ बोललीच नव्हती. माझ्या नोंदवहीत तिच्यापुढे ‘प्रतिसाद नाही’ असं होतं. चित्रांची कार्डं दाखवत मी विचारत होते, हे काय? पाण्याचं कार्ड आलं. मुलं “पाणी” ओरडली. ती गप्प. मी कार्ड खाली ठेवणार तेवढ्यात ती अगदी हळू म्हणाली, “ईर.”

कोलामीत पाण्याला ‘ईर’ म्हणतात. कोलामी ही मराठीची बोली नाही, तेलुगू-गोंडीसारखी द्रविड कुळातली वेगळी भाषा आहे. मला हे नोकरी लागली त्या वर्षीपासून माहीत होतं. प्रशिक्षणात ऐकलं होतं, अहवालात लिहिलंही होतं. पण त्या क्षणी मी पुण्याच्या त्या खोलीत होते. मिझु, मिझु, पाण्याचा जपानी शब्द, ओळखीचा आहे, थांबा ना थोडं. मला ते तीस मिनिटं सोसावं लागलं होतं. हे लेकरू रोज साडेदहा ते पाच त्याच परीक्षेला बसत होतं. आवाज एकदाच, माझ्या वेगानं, आणि उत्तर आलं नाही की ‘प्रतिसाद नाही’. तिला पाणी काय ते माहीत होतं. मलाच तिचा शब्द माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंना घेऊन बसले, त्या पोडावरच्याच. त्यांच्याकडून शब्द उतरवून घेतले. पाणी ईर, घर एल्ला, असे करत पहिल्या महिन्यात साठ झाले. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला देवनागरीतच कोलामी. सूचना मी दोनदा द्यायला लागले, दुसऱ्यांदा सावकाश. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचे आणि तोवर बोलायचं नाही. हे सगळ्यात कठीण होतं. मार्चअखेर ती मुलगी फळ्याजवळ येऊन दोन्ही भाषांतले शब्द वाचू लागली. हे माझ्या शिकवण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. तिला येत होतंच.

माझाही अभ्यास तिथूनच बदलला. इअरफोन सोडले. मोबाइल ओसरीवर मोठ्यानं लावून, मागे बकऱ्या ओरडत असताना, भाकरी थापताना ऐकायचं, एकदाच. चुकलं तर चुकलं. सासूबाई ऐकून ऐकून ‘इचि, नि, सान’ दहापर्यंत म्हणायला लागल्या आणि पोळ्या त्याच आकड्यांत मोजू लागल्या. कांजींची कार्डं मुलगी धरायची. एन-५ ला साधारण शंभर कांजी आणि आठशे शब्द लागतात असं धरतात. अधिकृत यादी निघत नाही. रोज पाच शब्द, रविवारी फक्त उजळणी. क्लास पुन्हा लावला नाही.

दुसऱ्यांदा ३ डिसेंबर २०२३. तीच गाडी, तीच बहीण. ऐकण्याच्या भागात एक प्रश्न निसटला, तर तो तिथेच सोडून पुढचा पकडला. पहिल्या वेळी निसटलेल्याच्या मागे धावत राहिले होते. जानेवारीत निकाल: ऐकण्यात ३३, एकूण १२१. मिस्टरांनी आठवडी बाजारातून पावभर जिलेबी आणली. दोन वर्षांचा हिशेब वहीत आहे. क्लास ८,५००, पुस्तकं आणि छपाई १,४००, दोन वेळची फी, प्रवास, वरखर्च मिळून ९,२००. एकोणीस हजार शंभर.

गावातले दोघं-तिघं विचारायला आले, मॅडम, यानं जपानात नोकरी लागते का? एन-५ वर नाही. जपाननं एप्रिल २०१९ पासून विशिष्ट कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला आहे. त्यात शेती, वृद्धांची शुश्रूषा अशी कामं येतात. त्यासाठी एन-४ किंवा त्या दर्जाची जेएफटी-बेसिक परीक्षा आणि शिवाय कामाची कौशल्य चाचणी लागते. शुश्रूषेसाठी त्या कामाच्या जपानीची आणखी एक परीक्षा. एकही परीक्षा न देता पाठवतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. माझा एक जुना विद्यार्थी आता नागपुरात राहून एन-४ ची तयारी करतो. अडलं की फोन करतो, आणि त्याला सांगता सांगता माझंही पक्कं होतं.

मला पगारवाढ मिळालेली नाही, मिळायचीही नाही. मंत्राचा अर्थ मात्र कळला. ‘रेंगे’ म्हणजे कमळ. ‘म्योहो रेंगे क्यो’ हे सद्धर्मपुंडरीक सूत्राचं जपानी नाव. वडील असते तर सांगितलं असतं.

ऑगस्टमध्ये एन-४ चा अर्ज भरणार आहे. या महिन्यात शाळा उघडली तेव्हा पोडावरून पहिलीत चौघं आले. त्यातली एक मुलगी पहिल्याच दिवशी माठाजवळ उभी होती. मी विचारलं, “ईर?” तिनं मान हलवली, पेला तोंडाला लावला आणि पाणी पिऊन झाल्यावर माझ्याकडे बघून कोलामीत एक लांबलचक वाक्य बोलली. ‘ईर’ सोडून मला एकही शब्द कळला नाही. मी खाली बसले आणि तिला म्हटलं, “पुन्हा सांग, हळू सांग.” तिनं सांगितलं.